मेश बारीक केली आणि एएफ विझले

एम.टेक. करणाऱ्या एका विद्यार्थ्याचा प्रश्न थोडक्यात असा: प्रकल्पासाठी मानवी हृदयाच्या अलिंदांचे, म्हणजे वरच्या दोन कप्प्यांचे, विद्युतवहनाचे त्रिमितीय मॉडेल केले आहे. भूमिती सीटी स्कॅनवरून घेतली, पेशी कोर्टेमांश मॉडेलच्या (मानवी अलिंदपेशीच्या विद्युतवर्तनाची समीकरणे), मेश, म्हणजे ज्या जाळीवर संगणक हिशेब करतो ती, सरासरी १ मिमीची. त्यात एट्रियल फिब्रिलेशन (एएफ, म्हणजे अलिंदांचे अनियमित थरथरणे) सुरू होते आणि टिकते. गाइडनी मेश बारीक करायला लावली. ०.३ मिमीवर तेच फिब्रिलेशन दोन सेकंदांत विझते. यातले खरे कोणते? आणि असल्या मॉडेलचा डॉक्टरांना खरोखर काही उपयोग होतो का?

विझते ते खरे. जपून बोलायचे तर, ते खऱ्याच्या जास्त जवळ आहे. १ मिमीवर जे टिकलेले दिसले ते बहुधा हृदयाचे नव्हतेच, मेशचे होते. गाइडचे ऐकलेत हे बरे केलेत, कारण हे न तपासता पुढे गेलेले लोक मी पाहिले आहेत. त्यांतला एक मीच.

सुरुवातीच्या वर्षांत मी एक देखणे चित्र तयार केले होते. डाव्या अलिंदाच्या मागच्या भिंतीवर विजेची लाट नेमकी एका जागी अडते, वळते आणि भोवऱ्यासारखी फिरू लागते. फायब्रोसिसचा, म्हणजे व्रणासारख्या तंतुमय ऊतीचा, पट्टा जवळच होता, त्यामुळे कारणही आयतेच हाताशी. चित्र पोस्टरवर गेले, लोकांनी कौतुकही केले. चार महिन्यांनी भलत्याच कामासाठी त्रिकोणांच्या कडांची लांबी रंगवून पाहिली, तर लाट जिथे अडत होती तिथेच मेश ढोबळ होती. मेश करणाऱ्या प्रोग्रॅमला भिंतीचा तो भाग सपाट दिसला म्हणून त्याने तिथे मोठे त्रिकोण टाकले होते. वळणावर बारीक, सपाटीवर मोठे, हा त्याचा शिरस्ताच. फायब्रोसिस बिचारे उगाच बदनाम झाले. तेव्हापासून कुठलाही निकाल पाहण्याआधी मी कडांच्या लांबीचा नकाशा काढतो.

असे का होते ते लाटेच्या आकारावरून कळते. विश्रांतीत असलेल्या अलिंदपेशीच्या आतले विभव बाहेरच्यापेक्षा साधारण ७५ ते ८० मिलिव्होल्टनी खाली असते. पेशीच्या पटलातल्या सोडियमच्या वाहिन्या उघडल्या की एखाद-दोन मिलिसेकंदांत ते शून्याच्या वर जाते. अलिंदाच्या भिंतीत लाटेचा वेग धरा ०.७ मीटर प्रति सेकंद, म्हणजेच दर मिलिसेकंदाला ०.७ मिमी. या दोन आकड्यांचा गुणाकार केला की लाटेची चढती कडा जेमतेम एक मिलिमीटर रुंद निघते. १ मिमीच्या मेशवर ती अख्खी कडा दोन बिंदूंच्या मधल्या फटीत मावते. संगणकाला चढ दिसतच नाही, नुसती पायरी दिसते. स्नायूच्या तंतूंना काटकोनात जाताना वेग निम्म्यावर येतो आणि कडा आणखी अरुंद होते. तिथे लाट रेंगाळते, कधी कधी थबकूनच जाते. अशा थबकण्यातून लाट तुटते, तुटलेले टोक वळते, आणि आपण खूश होतो की एएफ झाले.

सगळ्याच सॉल्व्हरमध्ये, म्हणजे समीकरणे सोडवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, ढोबळ मेशने वेग घटतो असे मात्र नाही. फायनाइट एलिमेंट या गणिती पद्धतीच्या काही मांडण्यांत तो उलट वाढतो. २०११ मध्ये ११ वेगवेगळ्या संगणकसंहितांना एकच सोपे कोडे घातले गेले होते: २० × ७ × ३ मिमीचा स्नायूचा ठोकळा, एका कोपऱ्यात धक्का, समोरच्या कोपऱ्यात लाट कधी पोचते ते सांगा. पेशी निलयाची, म्हणजे खालच्या कप्प्याची, होती, पण मुद्दा तोच. ०.५ मिमीवर उत्तरे भलतीकडे पांगली, ०.१ मिमीवर एकमेकांच्या जवळ आली. सगळे अनुभवी गट, तेच समीकरण, तरी ही तऱ्हा. मग आपल्या १ मिमीचे काय घेऊन बसायचे!

तेव्हा त्रिमितीय भूमिती आठवडाभर बाजूला ठेवा. आधी कळस मग पाया असा प्रकार या क्षेत्रात फार चालतो, कारण कळसाचा व्हिडिओ चांगला दिसतो. २ सेंमी लांबीची एक सरळ केबल घ्या, दर ०.१ मिमीवर एक बिंदू, म्हणजे २०१ बिंदू. डाव्या टोकाच्या १ मिमी भागाला २ मिलिसेकंदांचा धक्का द्या. पेशी जेमतेम पेटेल त्याच्या दुप्पट ताकद पुरे. मग ५ मिमीवर आणि १५ मिमीवर विभव −४० मिलिव्होल्ट ओलांडते तो क्षण टिपा. टोकांजवळचे बिंदू घेऊ नका. एका टोकाला धक्क्याचा परिणाम असतो, आणि दुसऱ्या टोकाला पुढे पेशीच नसल्याने लाट उगाच जोर धरते. समजा वेळा ९.१ आणि २३.४ मिलिसेकंद आल्या. १० मिमीला १४.३ मिलिसेकंद, वेग ०.७० मीटर प्रति सेकंद. हेच ०.२, ०.३, ०.५ आणि १ मिमीवर करा, वाहकता न बदलता. पाच आकडे एका कागदावर लिहिलेत की तुमच्या मूळ प्रश्नाचे अर्धे उत्तर समोर येईल.

वेग हवा तसा येत नसेल तर वाहकता बदलावी लागते, आणि तिथे वर्गमूळ लक्षात ठेवा. वाहकता चौपट केली तर वेग दुप्पट होतो. ०.६ वरून ०.७ वर जायचे तर वाहकता ३६ टक्क्यांनी वाढवायची. तंतूंच्या दिशेने आणि आडवी अशी वाहकता ४ ला १ ठेवली की वेगाचे गुणोत्तर २ ला १ होते, तेही याच हिशेबाने. ढोबळ मेशवरच वाहकता वाढवून वेग जुळवून घ्यायचा जुगाड बरेच जण करतात. सरळ रेषेत तो चालून जातो. पण भोवऱ्याच्या टोकाशी, जिथे लाट वळते आणि वाकलेल्या कडेमुळे तिचा वेग कमी होतो, तिथे तो फसतो. एएफमध्ये सगळा खेळ त्या टोकाशीच असतो.

मेश बारीक करायला लोक का कुरकुरतात तेही सांगतो. दोन्ही अलिंदांच्या भिंतीचे आकारमान ५० घनसेंटिमीटर धरले, तर ०.३ मिमीवर साडेअठरा लाखांच्या आसपास बिंदू होतात. कोर्टेमांश पेशीत २१ चल आहेत. कालपायरी, म्हणजे हिशेब एका वेळी पुढे सरकतो तो काळ, ०.०२ मिलिसेकंद धरली तर हृदयाच्या एका सेकंदासाठी ५० हजार पायऱ्या. मेश निम्मी केली की बिंदू आठपट. वाहिन्यांच्या दरवाजांसाठी १९७८ ची रश-लार्सन पद्धत वापरा, नाहीतर कालपायरी आणखी बारीक करावी लागेल. ओपनकार्प हे हृदयाच्या मॉडेलचे सॉफ्टवेअर वापरत असाल तर त्यात ही सोय आहे. अलिंदाची भिंत पातळ असते, बहुतेक ठिकाणी दोन-तीन मिलिमीटर, म्हणून पुष्कळ जण घन भिंतीऐवजी नुसता पृष्ठभाग किंवा दोन थरांचे पृष्ठभाग घेतात. तुमच्या लॅबच्या मशीनला ते झेपेल.

आता दुसरी बाजू. ०.३ मिमीवर एएफ विझले याचे तुम्हाला वाईट वाटते, मला नाही. निरोगी पेशी घालून केलेल्या अलिंदात एएफ टिकायलाच नको. सह्याद्रीतला वणवा आठवा. जळून गेलेले गवत पुन्हा उगवेपर्यंत तिथे आग परत येऊ शकत नाही. लाट गेल्यावर पेशीही काही काळ पुन्हा पेटत नाही. हा रिफ्रॅक्टरी काळ समजा २२० मिलिसेकंद आणि वेग ०.७ मीटर प्रति सेकंद. गुणाकार १५.४ सेंमी. एवढा लांब जळका पट्टा मागे घेऊन लाट गोल फिरणार कुठे? ती आपलीच शेपटी गाठते आणि विझते. पण वेग ०.५ आणि रिफ्रॅक्टरी काळ १२० मिलिसेकंद झाला की पट्टा ६ सेंमीचा होतो, आणि त्याच कप्प्यात दोन-तीन भोवऱ्यांना जागा होते. तुमच्या १ मिमीच्या मेशने यातला वेग परस्पर खाली आणला असणार, शिवाय जागोजागी लाट तोडली असणार. तुम्ही न सांगताच तिने रोगी अलिंद बनवून दिले.

हा हिशेब नवा नाही. १९६४ मध्ये गॉर्डन मो, राइनबोल्ट आणि अॅबिल्डस्कोव्ह यांनी अलिंदाचे पहिले संगणकीय मॉडेल केले, त्यात षटकोनी मांडणीचे अवघे ९९२ घटक होते. वाहिन्या नाहीत, विभव नाही. प्रत्येक घटक पेटलेला, थकलेला किंवा तयार, एवढेच. पण प्रत्येकाचा रिफ्रॅक्टरी काळ वेगळा, यदृच्छेने वाटलेला. एवढ्यावर अनेक भटक्या लाटांचा गोंधळ स्वतःच्या बळावर चालू राहिला. पुढे १९८५ मध्ये मास्ट्रिख्टच्या अॅलेसी यांनी कुत्र्यांच्या अलिंदांवर इलेक्ट्रोड लावून तशा भटक्या लाटा प्रत्यक्ष मोजल्या. संगणकाने आधी दाखवले, प्रयोगाने वीस वर्षांनी पुष्टी दिली. माझ्या मते या विषयातला सगळ्यात अभिमानाचा प्रसंग तोच, आणि त्या मॉडेलमध्ये एकही अवकल समीकरण नव्हते हे विसरू नका.

१९९५ मध्ये मास्ट्रिख्टमध्येच शेळ्यांवर दिसले की एएफ चालू ठेवले की काही दिवसांत रिफ्रॅक्टरी काळ आखडतो आणि एएफ अधिकाधिक काळ टिकते. रोगच रोगाला जागा करून देतो. मॉडेलमध्ये हे आणायचे तर पेशीचे प्रवाह बदला. प्रचलित पद्धत अशी: एल-टाइप कॅल्शियम प्रवाह ५० ते ७० टक्क्यांनी कमी, आयटीओ आणि आयकेयूआर हे पोटॅशियम प्रवाह निम्मे, आयके-वन हा आणखी एक पोटॅशियम प्रवाह दुप्पट. कोर्टेमांश पेशीचा अॅक्शन पोटेन्शियल, म्हणजे एका ठोक्यात विभव वर चढून परत खाली येण्याचा काळ, मग ३०० मिलिसेकंदांच्या आसपासवरून निम्म्यावर किंवा त्याखाली येतो. हे केल्यावर ०.३ मिमीवर पुन्हा एएफ लावून पाहा.

पण एकदाच नाही. दोन सेकंदांत विझले की दहा सेकंद टिकले, हे एका धावेवरून ठरत नाही. भोवऱ्यांची चाल इतकी नाजूक असते की एएफ लावण्यासाठीचा दुसरा धक्का ५ मिलिसेकंद उशिरा दिला तरी शेवट बदलतो. धक्क्याची वेळ आणि जागा थोडी थोडी बदलून निदान दहा धावा घ्या, आणि दहापैकी किती टिकल्या ते सांगा. हे प्रबंधांत क्वचित दिसते. धावा महाग असतात हे कारण खरे आहे, पण पुरेसे नाही.

पेशीच्या मॉडेलबद्दलही डोळे उघडे ठेवा. १९९८ या एकाच वर्षी मानवी अलिंदपेशीची दोन मॉडेले आली, माँट्रियलहून कोर्टेमांश-रामिरेझ-नॅटेल यांचे आणि नायग्रेन व सहकाऱ्यांचे. दोघांनी उपलब्ध मानवी मोजमापे वापरली आणि उरलेल्या जागा प्राण्यांच्या प्रयोगांवरून भरल्या. एकाचे विश्रांतीचे विभव −८१ मिलिव्होल्टच्या आसपास, दुसऱ्याचे −७४. ठोके जलद केल्यावर अॅक्शन पोटेन्शियल किती आखडते यातही दोघांचे पटत नाही. म्हणून भोवरेही वेगळे वागतात. यातले ‘बरोबर’ कोणते असे विचारू नका. तुमचा निष्कर्ष दोन्हींत टिकतो का, ते पाहा. आणि कोर्टेमांश पेशीत सोडियम-पोटॅशियमचे प्रमाण हळूहळू सरकत राहते. एकट्या पेशीला काही मिनिटे ठोके देऊन, मिळालेली स्थिती सुरुवात म्हणून सगळीकडे भरा. मॉडेलच्या मूळ शोधनिबंधात दिलेले आरंभमूल्य तसेच घेतले तर तुमची पहिली धाव आणि विसावी धाव वेगळ्या हृदयांची असते.

सीटीवरून भूमिती घेतली आहे म्हणता, तर एक जागा आजच उघडून बघा: दोन अलिंदांमधली भिंत. स्कॅनमध्ये उजवे आणि डावे अलिंद बऱ्याच भागात एकमेकांना चिकटलेले दिसतात. प्रत्यक्षात खरी सामाईक भिंत लहान, फोसा ओव्हालिस या खळग्याच्या आसपासची. बाकी ठिकाणी दोन वेगळ्या भिंती शेजारी शेजारी असतात, मध्ये चरबी. मेश करताना जवळचे बिंदू एकमेकांत मिसळून टाकायचा पर्याय चालू असेल, तर अख्खी भिंत शॉर्ट होते आणि लाट उजवीकडून डावीकडे धबधब्यासारखी जाते. खऱ्या हृदयात ती मोजक्या पुलांवरून जाते: वरून बाखमान बंडल हा स्नायूंचा जुडगा, फोसाच्या कडेने, आणि खालून कोरोनरी सायनसच्या स्नायूंमधून. तपासायचे साधे आहे. सायनस नोडच्या, म्हणजे जिथे ठोका सुरू होतो त्या, जागी धक्का द्या आणि दोन्ही अलिंदे पेटायला किती वेळ लागतो ते बघा. निरोगी माणसाच्या ईसीजीत अलिंदे पेटण्याची खूण असलेली पी-लहर १२० मिलिसेकंदांच्या आत संपते, आणि डाव्या अलिंदाची बाहेरची बाजू सगळ्यात शेवटी पेटते. तुमच्याकडे सगळे ७० मिलिसेकंदांत उरकत असेल तर कुठेतरी शॉर्ट आहे. २००० मध्ये ड्यूक विद्यापीठात हॅरिल्ड आणि हेन्रिक्वेझ यांनी केलेले मॉडेल नुसत्या निरोगी वहनाचे होते, एएफचा त्यात पत्ता नव्हता. बाखमान बंडल, क्रिस्टा टर्मिनॅलिस, पेक्टिनेट स्नायू असे अलिंदातले स्नायूंचे पट्टे एकेक करून घातलेले. आजही मी नव्या विद्यार्थ्याला आधी तेच करायला लावतो.

तंतूंची दिशा सीटीत दिसत नाही. ती शवविच्छेदनातून आणि विशेष एमआरआयमधून मिळालेल्या नमुन्यांवरून रुग्णाच्या भूमितीवर चढवावी लागते. तयार साधने आहेत, ती वापरा. त्यावर जास्त वेळ घालवू नका.

आता डॉक्टरांचे. १९९८ मध्येच बोर्दोच्या हाइसागेर यांनी ४५ रुग्णांमध्ये एएफ पेटवणाऱ्या ठिणग्या कुठून येतात ते शोधले. ६९ ठिकाणांपैकी ६५ फुफ्फुसशिरांच्या आत निघाली. तेव्हापासून कॅथेटरने त्या शिरांच्या तोंडाभोवती डाग देऊन त्या विजेच्या दृष्टीने तोडणे हा मुख्य उपचार झाला. वनखाते वणव्यासाठी जाळरेषा काढते, तसेच हे. आणि जाळरेषेत हातभर फट राहिली तरी आग पलीकडे जाते, तेही तसेच. अधूनमधून येणाऱ्या एएफमध्ये हे बऱ्यापैकी चालते. दीर्घकाळ मुरलेल्या एएफमध्ये शिरांपलीकडे आणखी कुठे डागायचे हा प्रश्न उरतो, आणि मॉडेलवाल्यांची आशा तिथे आहे. जॉन्स हॉपकिन्सच्या नतालिया ट्रायानोव्हा यांच्या गटाने २०१९ मध्ये १० रुग्णांसाठी एमआरआयवरून अलिंदाचे मॉडेल करून, त्यात भोवरे कुठे टिकतात ते पाहून, डागायच्या जागा आधी ठरवल्या आणि मग प्रत्यक्ष प्रक्रिया केली. हे करता येते एवढे त्यातून दिसले. १० रुग्णांवरून त्यापुढे काही म्हणू नये.

दुसऱ्या बाजूला २०२२ ची डीकाफ-२ चाचणी ठेवा. ८४३ रुग्ण. नुसत्या शिरा तोडणे, विरुद्ध शिरा तोडून वर एमआरआयमध्ये दिसलेल्या फायब्रोसिसलाही डागणे. एएफ परत येण्याच्या प्रमाणात लक्षणीय फरक पडला नाही. त्यात संगणकीय मॉडेल नव्हते, चित्रात दिसेल ते डागले होते, म्हणून आमचे काही लोक म्हणतात की मॉडेल असते तर जमले असते. असेलही. पण आमची मॉडेले ज्या चित्रावर उभी असतात तेच हे चित्र. अशा एमआरआयचा एक ठोकळा १.२५ × १.२५ × २.५ मिमीचा असू शकतो, आणि भिंत दोन-तीन मिमीची. भिंतीच्या जाडीत एक-दोन ठोकळे. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? कोणत्या उजळपणाच्या वर फायब्रोसिस म्हणायचे ही रेषा जराशी हलवली की पट्ट्याचा आकार बदलतो आणि भोवरा दुसरीकडे जाऊन बसतो. शिवाय फायब्रोसिस मॉडेलमध्ये घालायचे कसे? वाहकता कमी करायची, पेशींमधले दुवे यदृच्छेने तोडायचे, की प्रवाह बदलायचे? तिन्हींची उत्तरे वेगळी येतात.

कॅथ लॅबमध्ये, म्हणजे कॅथेटरची प्रक्रिया होते तिथे, माझ्या ओळखीच्या एका डॉक्टरांनी मला एकदा विचारले होते, “तुमचा संगणक इथे डागा म्हणतो. किती खात्रीने?” माझ्याकडे एकच धाव होती. मी गप्प बसलो. आता मी एका रुग्णासाठी एक नकाशा देत नाही. फायब्रोसिसची रेषा, वाहकता, तंतू थोडे थोडे हलवून बऱ्याच धावा करतो, आणि ज्या जागी भोवरा पुन्हा पुन्हा सापडतो तेवढीच दाखवतो. अनेकदा अशी जागा सापडतच नाही, मग तसे सांगतो. डॉक्टरांना त्याचा राग येत नाही, उलट पुढच्या वेळी ते स्वतः फोन करतात.

तुमच्या प्रकल्पाला वर्ष उरले नसेल, म्हणून प्रश्नच लहान करा. अख्ख्या अलिंदाऐवजी ५ × ५ सेंमीचा सपाट तुकडा घ्या. पेशीतले प्रवाह निरोगी ते एएफ असे पाच पायऱ्यांत बदला आणि प्रत्येक पायरीवर दहा धावांपैकी किती भोवरे ५ सेकंद टिकतात ते मोजा. सगळे ०.३ मिमीवर आणि पुन्हा ०.१५ मिमीवर. सपाट तुकड्याला एवढे रात्रभरात जमते. मग शेवटी, वेळ असेल तर, निरोगी वहनाची एक धाव खऱ्या भूमितीवर. १ मिमीचा तो व्हिडिओ टाकून देऊ नका. परिशिष्टात ठेवा, शेजारी केबलवरचे पाच वेग आणि कडांच्या लांबीचा नकाशा देऊन. परीक्षक आधी तेच पान उघडतील.